वडिलांचं हत्यारांचं कपाट गंजलंय, घरीच रंगवायचंय (सोलापूर)

जॉबरचा मुलगा | ८ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

माझे वडील यंत्रमागावर जॉबर होते. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातल्या कारखान्यांत त्यांनी आयुष्यभर माग दुरुस्त केले. त्यांचं हत्यारांचं पत्र्याचं कपाट आता माझ्याकडे जुळे सोलापुरात आहे. चार फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. वर दोन ड्रॉवर, खाली दोन दारं, आत फळ्या. मूळ रंग फिकट हिरवा, मशीनला असतो तसा.

अवस्था अशी आहे. वरचा अर्धा भाग बरा आहे. खालचा वीतभर पत्रा पार सोलला आहे आणि उजव्या कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक पडलंय. दारांच्या कडा, बिजागऱ्यांच्या आसपास, ड्रॉवरच्या तळाला गंज आहे. तीन वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याकडून बाहेरून करडा ऑईल पेंट मारून घेतला होता. त्याने ओल्या फडक्याने पुसलं आणि तासाभरात वरून ब्रश फिरवला. पहिल्याच पावसाळ्यात फोड आले. आता नख लावलं की करडा पापुद्रा निघतो आणि त्याच्या आतल्या अंगाला तांबडी पूड चिकटून येते.

खरी अडचण पुढे आहे. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला वडिलांनी पांढऱ्या रंगाने प्रत्येक हत्याराची आकृती काढली आहे. पान्ह्यांच्या आकृत्या उतरत्या क्रमाने, प्रत्येकाखाली आकडा: १६-१७, १४-१५, १२-१३, १०-११. पक्कड, कानस, छिन्नी, सगळ्यांची जागा ठरलेली. त्याखाली पेन्सिलने बारीक अक्षरात नोंदी आहेत: 'माग ७ पट्टा', 'माग ११ धोटा पेटी' (धोटा म्हणजे मागावर आडवं सूत नेणारी शटल). हे दार मला आहे तसं ठेवायचंय. बाकी कपाट असं करायचंय की पुढची वीस वर्षं बघायला नको.

सुरुवात कुठून करू?

बाळीवेसकर | ८ मार्च, रात्री १०.१५

पावडर कोटिंग करून टाका. एमआयडीसीत करून देणारे आहेत, टाकीत बुडवून गंज काढतात, मग रंगाची पावडर मारून भट्टीत भाजतात. ब्रशच्या रंगाला ती मजबुती येत नाही.

जॉबरचा मुलगा | ८ मार्च, रात्री १०.३०

मीही चौकशी केली होती. पण ॲसिडच्या टाकीत बुडवलं की वडिलांची अक्षरं गेली. दार वेगळं काढून बाकीचं देता येईल, पण भोक पडलेला तळ घ्यायला ते तयार नव्हते. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

जुना फिटर | ९ मार्च, सकाळी ६.५०

रंगाचं नंतर बघू. कपाट कुठं ठेवलंय ते आधी सांगा.

वरचा भाग चांगला आणि खालचा वीतभर गेलेला, म्हणजे पाणी खालून लागतंय. सोलापूरची हवा कोरडी. मुंबईच्या मानाने इथं लोखंड दुप्पट टिकायला पाहिजे. गिरणीत काम करताना उघड्यावर पडलेले सांगाडे बघितलेत मी, वरून तपकिरी होतात पण आतून खणखणीत राहतात. तुमच्या कपाटाला रोज कुठून तरी पाणी मिळतंय.

जॉबरचा मुलगा | ९ मार्च, दुपारी १.०५

काका, तुम्ही विचारल्यावर जाऊन बघितलं. कपाट मागच्या बाजूला शेडमध्ये आहे आणि त्याच्या उजवीकडे पाण्याची दोन पिंपं. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं. कधी पहाटे, कधी रात्री. नळी सोडून आम्ही भांडी भरायला पळतो, पिंप भरून वाहतं, आणि ते पाणी कपाटाच्या पायाखालून मोरीकडे जातं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी वापरतो, त्याचे पांढरे क्षार फरशीवर दिसतात. उजवा कोपरा म्हणजे बरोबर पिंपाकडचा कोपरा. तीन वर्षं रंगाऱ्याला बोलत होतो, पिंप डोळ्यांसमोर होतं.

जुना फिटर | ९ मार्च, सायंकाळी ७.२०

रंगाऱ्याची चूक होतीच. पण त्याने चांगलं काम केलं असतं तरी फार तर दोन वर्षं जास्त मिळाली असती.

आता क्रम ऐका. कपाट तिथून हलवा. परत ठेवाल तेव्हा पिंपापासून लांब आणि जमिनीपासून चार इंच उंच, अँगलच्या स्टँडवर. स्टँडच्या पायांना रबराचे बूट. खालून हवा फिरली पाहिजे आणि हात घालून फरशी पुसता आली पाहिजे.

मग कपाट मोकळं करा. ड्रॉवर बाहेर, दारं बिजागरीतून काढा, फळ्या काढा. दार लावलेल्या कपाटाला रंग मारणारा माणूस सांध्यात ब्रश घालू शकत नाही आणि गंज तर सांध्यातच असतो.

वडिलांचं दार पहिल्याच दिवशी गादीत गुंडाळून घरात ठेवा. त्याचं शेवटी बघू.

रसायनवाली ताई | ९ मार्च, रात्री ८.४५

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

एक, गंजावर रंग का टिकत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून गंज होतो, आणि तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. शिवाय तो भुसभुशीत, ओल धरून ठेवणारा. वरून रंग मारला की ती ओल आत कोंडली जाते, गंज फुगत राहतो आणि रंगाला आतून ढकलतो. तुमच्या पापुद्र्याला चिकटून येणारी तांबडी पूड तेच सांगते. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी हे काम आणखी वेगात होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कपाट जुनं आहे, म्हणजे मूळ हिरव्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका. कोरडा पॉलिश पेपर घासून धूळ उडवू नका, आणि रंग जाळून तर मुळीच काढू नका. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, चांगला मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, पडलेला चिखल कागदात गोळा करून टाका. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल आहे का?

जॉबरचा मुलगा | ९ मार्च, रात्री ९.१०

मुलगी आहे, चार वर्षांची. बरं झालं सांगितलंत. काम गच्चीवर करतो, तिला वर येऊ देणार नाही.

हातमाग | १० मार्च, सकाळी ११.३०

शिशावरून आठवलं. आमचे आजोबा लोखंडी दरवाज्यांना शेंदूर लावायचे, अळशीच्या तेलात घोटून. मारुतीला लावतात तोच. त्या दरवाज्यांचं लोखंड अजून धड आहे. आता मिळणारं लाल अस्तर म्हणजे तेच का?

रसायनवाली ताई | १० मार्च, दुपारी ४.००

नाही, रंग सारखा दिसतो एवढंच. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साईड. गंज रोखण्यात तो उत्तम होता हे खरं, पण विषारी. आता दुकानात मिळतो तो रेड ऑक्साईड प्रायमर, म्हणजे लोखंडाचाच ऑक्साईड, गेरूच्या जातीचा. आजोबांचे दरवाजे घासायची वेळ आली तर वर सांगितलेली सगळी काळजी तुम्हीही घ्या.

जुना फिटर | १० मार्च, सायंकाळी ७.०५

घासायच्या आधी तेल काढा. माणसं इथंच चुकतात. हत्यारांच्या कपाटाला ग्रीस आणि मशीन ऑईल लागलेलं असतंच. त्यावर पॉलिश पेपर मारला की तेल पत्र्याच्या ओरखड्यांत बसतं. आधी टर्पेंटाईनच्या फडक्याने दोनदा पुसा, दर वेळी फडकं बदला. मग कपडे धुण्याच्या पावडरीने ब्रश मारून धुवा आणि उन्हात कोरडं करा.

तेल गेलं की नाही ते असं बघा. पत्रा आडवा धरून त्यावर पाणी शिंपडा. पाणी चादरीसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून तेल आहे, परत धुवा.

मग तारेचा ब्रश. सुटा गंज, फोड, पापुद्रे सगळं. करडा रंग पूर्ण काढा, त्याला खाली धरच नाही. मूळचा हिरवा जिथं घट्ट बसलाय तिथं तो काढू नका. नुसता १२० नंबरच्या वॉटर पेपरने खरखरीत करा आणि त्याची कड उतरती घासा, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. ग्राइंडरला तारेचा कप लावून पटकन होतं, पण चष्म्याशिवाय हात लावू नका, तारा उडतात. आणि जुन्या हिरव्याला ग्राइंडर लावू नका, ताईंनी धुळीचं सांगितलंय ते बरोबर आहे.

तुळजापूर वेस | १० मार्च, रात्री १०.२०

कडी-कोयंडा, बिजागऱ्या, स्क्रू, ड्रॉवरच्या मुठी यांच्यासाठी माझा अनुभव सांगते. पितळेची भांडी चिंचेने निघतात म्हणून मी आधी कोळ लावून बघितला. थोडा फरक पडला, पण वेळ फार. मग किराणा दुकानातलं लिंबूसत्व आणलं. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, प्लॅस्टिकच्या डब्यात रात्रभर. सकाळी काळा राप आला होता, जुन्या टूथब्रशने घासला की खाली राखाडी लोखंड. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं, धुतलं, लगेच पुसून उन्हात ठेवलं आणि मशीन ऑईलचा हात दिला. ओलं ठेवलं तर तासाभरात पिवळं पडतं, हे लक्षात ठेवा.

बाळीवेसकर | ११ मार्च, सकाळी ९.००

संडास धुण्याचं ॲसिड वापरलं तर पाच मिनिटांत होतं की.

रसायनवाली ताई | ११ मार्च, सकाळी ९.२५

ते कृपा करून वापरू नका. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. गंज खातं, पण त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेली धड हत्यारंही दुसऱ्या दिवशी तांबडी होतात. सांध्यात राहिलेलं क्लोराईड धुऊन जात नाही आणि रंगाखाली पुन्हा गंज सुरू करतं. श्वासालाही वाईट.

पत्र्यावर ज्या बारीक खळग्यांत ब्रश पोचत नाही, तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजावरचं द्रावण दुकानात मिळतं. ते गंजाचं फॉस्फेट करतं, डाग काळसर होतात. सुटा गंज काढल्यावर उरलेल्या पातळ, घट्ट गंजावरच ते काम करतं. हातमोजे घाला, डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, जास्तीचं पुसून घ्या आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय प्रायमर लावू नका.

जॉबरचा मुलगा | १६ मार्च, रात्री ८.३०

रविवार पूर्ण गच्चीवर गेला. सकाळी सातला सुरुवात केली, अकरानंतर पत्र्याला हात लावता येईना म्हणून थांबलो, पुन्हा साडेचारला बसलो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ड्रॉवर काढले तर मागच्या सांध्यात, पत्रा दुमडलेला असतो त्या फटीत, तूस बसली होती. कापसाची. तेलात भिजून नमद्यासारखी घट्ट झालेली. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ओढली तर पट्टीसारखी निघाली आणि तिच्यात रंगांचे थर होते. लाल, मग हिरवट, मग पांढरा, पुन्हा लाल. ज्या ज्या वेळी मागावर ज्या रंगाची चादर, टॉवेल होता त्याची तूस वडिलांच्या कपड्यांवरून, हातांवरून कपाटात आली असणार. बोटभर पट्टीत किती वर्षं होती कोण जाणे. मी बराच वेळ ती तळहातावर घेऊन बसलो. एक तुकडा काडेपेटीत ठेवलाय.

तूस काढली तर खालचा पत्रा तेलकट आणि धड असेल असं वाटलं होतं. वरच्या सांध्यात तसाच निघाला, अगदी चकचकीत. पण तळाच्या सांध्यातली तूस ओली होती, मार्च महिन्यात! तिच्याखाली पत्रा कागदासारखा झालाय. आधी वाटलं होतं त्यापेक्षा मोठा भाग कापावा लागणार, साधारण आठ इंच बाय पाच इंच.

वेल्डिंग करून घेऊ का?

जुना फिटर | १६ मार्च, रात्री ९.१५

वात कशी तेल ओढते, तशी ती तूस पिंपाचं पाणी ओढत होती.

वेल्डिंग नको. पत्रा २० गेजचा असेल, म्हणजे मिलिमीटरही नाही. त्यात गंजून पातळ झालेला. आर्क लावला की एका भोकाची चार होतील. आणि उष्णतेने वरचा चांगला रंगही जळेल. त्यापेक्षा कुजलेला भाग धड पत्र्यापर्यंत कात्रीने कापा. २० गेजचाच तुकडा सगळीकडून इंचभर मोठा कापून आतून लावा, पॉप रिव्हेटने. दर दीड इंचाला एक. महत्त्वाचं म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर बसणार ती दोन्ही अंगं आधी प्रायमर मारून घ्या, नंतर तिथं ब्रश कधीच जाणार नाही. कड एपॉक्सीच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बंद करा. तळाला मागच्या कोपऱ्यात पाच मिलिमीटरची दोन भोकं ठेवा. आत कधी पाणी गेलंच तर बाहेर पडायला वाट.

हातमाग | १६ मार्च, रात्री ९.५०

काडेपेटी जपून ठेवा दादा. आमच्या घरचे माग विकून पंधरा वर्षं झाली. तुमचं वाचून त्या खोलीचा वास आला.

जॉबरचा मुलगा | १९ मार्च, रात्री १०.००

तुकडा बसला. रंगाचा हिशेब चुकू नये म्हणून मापं काढली. बाहेरून सगळ्या बाजू मिळून ४५ चौरस फूट, आतून फळ्यांसकट जवळजवळ ८०. मिळून साधारण साडेअकरा चौरस मीटर. दुकानदार म्हणतो लिटरला एका हाताला दहा चौरस मीटर धरा. म्हणजे प्रायमर सव्वा लिटर. रंग बाहेरून दोन हात, आतून एक हात, सोळा चौरस मीटर, म्हणजे सोळाशे मिली. दोन लिटर रंग आणला. ओपॅलिन ग्रीन, दाराच्या हिरव्याशी सगळ्यात जवळचा तोच वाटला.

जुना फिटर | २० मार्च, सकाळी ६.४०

हिशेब बरोबर. प्रायमर लावाल त्याच दिवशी पत्रा शेवटचा घासा, टर्पेंटाईनने पुसा, आणि मग उघड्या पत्र्याला हाताचं बोटही लावू नका. घामात मीठ असतं.

कडांना आधी एक वेगळा हात द्या. धारेच्या कडेवर रंग ओला असताना मागे सरकतो, तिथं थर पातळ राहतो, म्हणून गंज कायम कडेपासून सुरू होतो. इंची ब्रशने सगळ्या कडा, सांधे, रिव्हेटची डोकी. ते सुकलं की मग पूर्ण पत्रा. लांबी भरायची तर प्रायमरच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही, आणि लांबीवर पुन्हा प्रायमर, कारण लांबी रंग पिते.

वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यावर. तापलेल्या पत्र्यावर रंग वरून सुकतो, आत ओला राहतो, ब्रशच्या रेघाही जुळत नाहीत.

जॉबरचा मुलगा | २४ मार्च, रात्री ९.२०

मंडळी, काम बिघडलं.

प्रायमर सुरेख बसला होता. काल पहिला हिरवा हात दिला. आज दुसऱ्या हाताला रंग जाड वाटला, घरातलं टर्पेंटाईन संपलं होतं, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून थिनर आणलं. त्याने सांगितलं, थिनर कुठलंही चालतं. उजव्या बाजूला ब्रश फिरवला आणि पाच मिनिटांत सगळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. कालचा हातसुद्धा उचलून आला. डब्यावर बघितलं तर एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचं. फार वाईट वाटतंय. बाकीच्या बाजू अजून केल्या नाहीत.

रसायनवाली ताई | २४ मार्च, रात्री ९.४५

वाईट वाटून घेऊ नका, एकच बाजू आहे. काय झालं ते सांगते. ऑईल पेंट दोन टप्प्यांत सुकतो. आधी टर्पेंटाईन उडून जातं. मग त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन जाळं विणतं, घट्ट होतं. अळशीचं, म्हणजे जवसाचं तेल असं सुकतं म्हणूनच ते रंगात वापरतात. आपल्याकडची करडई अर्धवट सुकते. शेंगदाण्याचं तेल असं सुकत नाही, नुसतं चिकट होत जातं, त्यामुळे हत्यारांना ते कधी लावू नका. तुमचा कालचा थर पहिल्या टप्प्यातून गेला होता, दुसरा निम्माच झाला होता. एनसी थिनर टर्पेंटाईनपेक्षा कितीतरी जहाल. त्याने अर्धवट विणलेल्या जाळ्यात शिरून ते फुगवलं.

आज रात्री एक काम लगेच करा. रंगाची, तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली असतील तर ती पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा. ऑक्सिजन घेताना तेल तापतं. गोळा केलेल्या फडक्यांतली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. अळशीच्या तेलाची तर नक्कीच.

जुना फिटर | २५ मार्च, सकाळी ६.५५

आता त्या बाजूला चार-पाच दिवस हात लावू नका. मऊ रंग घासाल तर पेपर चिकटून बसेल. कडक झाला की पत्तीने खरवडा, २२० ने घासा, जिथं पत्रा उघडा पडेल तिथं प्रायमर, मग परत दोन हात. तोवर बाकीच्या बाजू टर्पेंटाईन घालून पूर्ण करा. शंभराला पाच-सात एवढंच. पातळ केला की ओघळ येतात. उघडलेला डबा गाळून घ्या, स्टॉकिंगचं कापड चालतं.

तुळजापूर वेस | २५ मार्च, दुपारी १२.१०

माझ्याकडून एक. दुपारनंतर वारा सुटतो आणि गच्चीवर धूळ येते. मी गेट रंगवताना आधी खाली पाणी शिंपडायचे आणि भोवती जुनी चादर आडोसा म्हणून बांधायचे. चादर रंगाला टेकणार नाही एवढं अंतर ठेवा.

जॉबरचा मुलगा | २ एप्रिल, रात्री ९.००

उजवी बाजू खरवडून परत केली. आता कुठून फरक कळत नाही. आतून एक हात झाला. फळ्यांना मात्र दोन दिले, हिशेबात रंग उरत होता.

आता वडिलांचं दार. बाहेरच्या अंगाला रंग हवाच आहे, आतल्या अंगाला नाही. पेन्सिलची अक्षरं बोट लागलं तरी पुसट होतात. वरून व्हार्निश मारू का?

जुना फिटर | २ एप्रिल, रात्री ९.३५

ब्रशने मारू नका, ब्रश पेन्सिल ओढून नेईल. हे माझं क्षेत्र नाही, ताई सांगतील.

रसायनवाली ताई | २ एप्रिल, रात्री १०.०५

सगळ्यात आधी उजेडात फोटो काढा, प्रत्येक ओळीचा जवळून वेगळा. पुढे काही झालं तरी तेवढं हातात राहील.

पेन्सिलच्या भागाला पाणी, साबण, टर्पेंटाईन काहीच लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने, लहान मुलांच्या चित्रकलेचा असतो तसा, वरची धूळ झटका, घासू नका. पांढऱ्या आकृत्या ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपून घेता येतील. मग पारदर्शक लॅकरचा स्प्रे. आधी दाराच्या एका रिकाम्या कोपऱ्यात करून एक दिवस बघा, जुना रंग सुरकुतत नाही ना. ठीक असेल तर दार उभं ठेवून हातभर लांबून अगदी विरळ फवारा द्या. धुकं बसल्यासारखं, ओलं दिसता कामा नये. वीस मिनिटांनी दुसरा. असे चार-पाच विरळ हात एका जाड हातापेक्षा बरे.

बाहेरून रंगवताना आतल्या बाजूला कागद लावाल तेव्हा चिकटपट्टी अक्षरांवर नको, फक्त कडेला. आणि रंग झाला की त्याच दिवशी काढा. उन्हात पट्टीचा डिंक भाजून बसतो.

जॉबरचा मुलगा | १३ एप्रिल, दुपारी ३.४०

झालं.

कोपऱ्यात स्प्रे करून दोन दिवस थांबलो, काही झालं नाही. मग विरळ पाच हात दिले. पहिल्या फवाऱ्याला पेन्सिल थोडी गडद झाली आणि नीट वाचता आली. मी इतकी वर्षं 'माग ११ धोटा पेटी' एवढंच वाचत होतो. त्याखाली अगदी फिकट आणखी एक ओळ होती: 'माग ११ परत. पिकिंग बघ.' पिकिंग म्हणजे धोटा मारायची यंत्रणा. ओळ स्वतःलाच लिहिलेली.

कपाट आता शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे, अँगलच्या स्टँडवर, रबराच्या बुटांत. पिंपांना वरून कॉक बसवलाय, वाहून जात नाही. रंग कडक होईपर्यंत दहा दिवस दारं उघडी ठेवली होती. एका ठिकाणी दार टेकलं असतं तर चौकटीला चिकटलं असतं, बायकोने मध्ये कापड अडकवलं म्हणून वाचलं. बिजागऱ्या लिंबूसत्वाने निघाल्या, त्यांना रंग न देता नुसतं ग्रीस लावलं. आज हत्यारं लावली. सतरा आकृत्यांपैकी चौदा भरल्या. १२-१३ चा पान्हा, एक छिन्नी आणि छोटी कानस सापडली नाही.

उजवा ड्रॉवर अजून आत जाताना अडकतो. पट्टीवर रंगाचा थर चढला असावा. मेणबत्ती घासून बघणार आहे.

जुना फिटर | १३ एप्रिल, सायंकाळी ६.३०

मेणबत्ती नंतर. आधी पट्टीवरचा रंग ३२० ने घासून काढा. सरकत्या भागाला रंग नसतोच.

१२-१३ चा जुना देशी पान्हा माझ्याकडे जादा आहे. जबडा जरा घासलेला आहे पण आकृतीत बसेल. पत्ता कळवा, रविवारी घेऊन येतो.

जॉबरचा मुलगा | १३ एप्रिल, सायंकाळी ६.५०

काका, तुम्ही कशाला येता, मीच येतो. अर्धा लिटर लाल प्रायमर आणि दोन वॉटर पेपर उरलेत, तेही घेऊन येतो. इथं कुणाला हवे असतील तर सांगा, डबा उघडलेला आहे, पावसाळ्याआधी वापरायला हवा.

हातमाग | १३ एप्रिल, रात्री ८.१०

प्रायमर मला द्या. आजोबांचा एक दरवाजा आहे. घासणार नाही, ताईंनी सांगितलंय. खालची एकच पट्टी उघडी पडलीय, तिला लावतो.